धायरीतले घर : सातबारा, पाणी आणि रस्ता

स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने निघाले की दांडेकर पूल, विठ्ठलवाडी, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव अशी वस्ती मागे पडत जाते आणि सुमारे आठ किलोमीटरवर धायरी फाटा येतो. बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींतली धायरी बहुधा या फाट्यापासूनच सुरू होते. प्रत्यक्ष गाव मात्र फाट्यावरून आत, डोंगराच्या दिशेने आहे. फाटा, रायकर मळा, बेनकर वस्ती, उंबऱ्या गणपती चौक, गारमाळ, डोंगरउतारावरील डीएसके विश्व आणि धारेश्वराचे मंदिर एवढा सारा विस्तार ‘धायरी’ या एकाच नावाखाली येतो. शेजारची नऱ्हे, वडगाव बुद्रुक आणि नांदेड ही गावेही विक्रीच्या सोयीने कधी धायरी होतात, तर कधी नुसतीच ‘सिंहगड रोड’. ४११०४१ हा पिन क्रमांक धायरी, नऱ्हे आणि वडगाव यांना सामाईक असल्याने पत्त्यावरूनही उलगडा होत नाही. म्हणून येथे घर पाहणाऱ्याने पहिली विचारणा करावी ती सर्व्हे क्रमांकाची आणि महसुली गावाच्या नावाची. ती इमारत कोणत्या वर्षी कोणाच्या हद्दीत होती, यावर तिची कागदपत्रे, पाणी आणि पुढील डोकेदुखी बऱ्याच अंशी अवलंबून असते.

पुण्याच्या मध्यमवर्गाला सिंहगड रस्ता नवा नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयानंतर पेठांतील वाडे सोडून निघालेली कुटुंबे शहराच्या चारही दिशांना गेली. पुढील दशकांत वाड्यांच्या जागी इमारती उठल्या, घरे लहान पडू लागली, आणि पेठेतल्या भाडेकरूला मालकीचे घर परवडेल अशी दिशा म्हणून या रस्त्याकडे पाहिले जाऊ लागले. आधी हिंगणे आणि आनंदनगर, मग माणिकबाग, मग वडगाव अशी वस्ती टप्प्याटप्प्याने धरणाच्या दिशेने सरकली. धायरीची पाळी शेवटी आली. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या बाह्यवळणामुळे हिंजवडीचा रस्ता सुकर झाला, वडगाव-आंबेगाव भागात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली, आणि २००० नंतरच्या दशकात धायरीच्या मळ्यांत पाया खोदण्याचे यंत्र शिरले. स्वारगेटला दुकान असणारा, हिंजवडीला नोकरी करणारा आणि नऱ्ह्याच्या कारखान्यात काम करणारा अशा तिघांनाही हे ठिकाण सोयीचे वाटावे, हीच त्याची खरी जमेची बाजू होय.

गाव आणि महापालिका

धायरीच्या मालमत्तेचा इतिहास तीन कालखंडांत मोडतो. घर पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते ध्यानात ठेवणे फार उपयोगाचे आहे.

पहिला काळ ग्रामपंचायतीचा. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीची परवानगी चालत असे. गावठाणाबाहेरील शेतजमिनीवर इमारत बांधायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडून बिगरशेती आदेश आणि नगररचना विभागाकडून नकाशा मंजूर करून घ्यावा लागे. मळ्यांतील अनेक इमारती मात्र या दुसऱ्या वाटेने न जाता पहिलीच वाट ताणून उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ मध्ये घराची नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली, विजेचे मीटर बसले, की घर ‘कायदेशीर’ झाले अशी समजूत रूढ होती. वस्तुतः नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगी तर मुळीच नाही.

३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, अस्तित्वात आले आणि महापालिकेबाहेरच्या गावांतील बांधकाम परवानगीचे अधिकार त्याच्याकडे गेले. धायरीपुरता हा दुसरा काळ जेमतेम अडीच वर्षांचा ठरला. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, शिवणे, उंड्री यांच्याबरोबर धायरीही होती. शेजारची नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावे महापालिकेत आली ती जून २०२१ च्या अखेरीस, तेवीस गावांच्या दुसऱ्या लाटेत. म्हणजे मधली जवळपास चार वर्षे रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत अशी स्थिती होती. २०२१ नंतरही या तेवीस गावांच्या नियोजनाचे काम शासनाने पीएमआरडीएकडे सोपवले. त्यामुळे नऱ्ह्यातील आणि धायरीतील समोरासमोरच्या दोन इमारतींचे मंजूर नकाशे वेगवेगळ्या कार्यालयांच्या शिक्क्यांचे असू शकतात. ग्राहकाने कोणता शिक्का पाहावा हे इमारतीच्या वयावरून ठरते. २०१२ ची इमारत असेल आणि विक्रेता केवळ ग्रामपंचायतीचा दाखला दाखवीत असेल, तर पुढे बोलण्याआधी बिगरशेती आदेशाची प्रत मागावी.

समावेशाने कर आला, सुविधा मात्र मागून चालत आल्या. महापालिकेच्या दराने आलेल्या मिळकतकराच्या बिलांवरून समाविष्ट गावांत मोठा असंतोष झाला आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने या वसुलीला स्थगिती दिली. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते. ज्या गावांना पहिल्यांदाच वॉर्ड ऑफिस, टेंडर आणि विकास आराखडा या शब्दांशी व्यवहार करायचा होता, त्यांना तो सुमारे चार वर्षे प्रशासकांशीच करावा लागला.

गुंठ्याचे गणित

धायरीच्या आजच्या रूपाचे मूळ एका शब्दात सांगायचे तर ते गुंठ्यात आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. मळ्यातील शेतकऱ्याने गरजेप्रमाणे दोन, तीन, पाच गुंठे विकले. घेणाऱ्याने त्यावर आधी घर आणि मग चार-पाच मजले चढवले. जाण्या-येण्यासाठी बैलगाडीची वाट होती तीच गल्ली झाली. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा असे लहान तुकडे पाडण्यास मनाई करीत असल्याने पुष्कळ व्यवहार सामाईक क्षेत्रात झाले. एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस नावे आणि कोणाचा तुकडा कोठे याचा नकाशाच नाही, हे दृश्य येथे नवलाचे नाही. २०२५ मध्ये शासनाने नागरी भागापुरती या कायद्यातून सवलत दिली. तीमुळे जुन्या तुकड्यांच्या व्यवहारातील एक दोष दूर होण्याची वाट मिळाली. परंतु त्या तुकड्यावरील विनापरवाना इमारत त्यामुळे आपोआप अधिकृत होत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आणि २०२१ मधील त्याची दुरुस्ती यांबाबतही हेच खरे. त्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी दिली, पण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि छाननी आहे. ‘गुंठेवारीत नियमित होणार आहे’ आणि ‘झाले आहे’ या दोन वाक्यांत लाखो रुपयांचे अंतर असते.

याच गणिताचे वेगळे उत्तर धायरीच्या अगदी शेजारी पाहायला मिळते. नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी जमिनी तुकड्यांनी विकण्याऐवजी एकत्र आणल्या आणि मगरपट्टा सिटीच्या धर्तीवर स्वतः भागधारक असलेल्या कंपनीमार्फत सुमारे सातशे एकरांवर नांदेड सिटी ही वसाहत उभी केली. तेथे रस्ते आधी आखले गेले, इमारती नंतर आल्या. धायरीत क्रम उलटा आहे. दोन्हीकडील दरात जो फरक पडतो, त्यातील काही भाग या क्रमाचाच आहे. धायरीतील चौरस फूट स्वस्त असतो, कारण रस्ता, मलवाहिनी, उद्यान यांची किंमत त्यात अद्याप धरलेली नसते. ती पुढे रहिवाशालाच कधी टँकरच्या, कधी करांच्या आणि कधी निव्वळ वेळेच्या रूपाने चुकवावी लागते.

डोंगराकडील बाजूस आणखी एक काळजी घ्यावी लागते. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे आणि विकास आराखड्यातील डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्राला स्वतंत्र निर्बंध आहेत. सुंदर देखावा दाखवून विकला जाणारा भूखंड बहुधा नेमका याच पट्ट्यात असतो. महापालिकेकडून झोन दाखला काढण्यास फार खर्च येत नाही. नाले आणि ओढे यांबाबतही तोच नियम लावावा. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

इमारती पडण्याची भीती अतिशयोक्त वाटू नये. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस याच नऱ्हे-आंबेगाव पट्ट्यात एक बहुमजली इमारत पहाटे कोसळली. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये तळजाई पठारावर बांधकाम चालू असलेली इमारत पडून मनुष्यहानी झाली होती. तीन गुंठ्यांवर घाईने चढवलेल्या मजल्यांची गुणवत्ता कोणी तपासली, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच. मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचे प्रमाणपत्र ज्या इमारतीचे दाखवता येत नाही, तेथे दर कितीही उतरला तरी तो स्वस्त म्हणता येणार नाही.

पाणी

खडकवासला धरण धायरीपासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणण्यास हरकत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे एकोणतीस टीएमसी, आणि साऱ्या पुण्याची तहान त्यावर भागते. महापालिकेचे वडगावचे जलशुद्धीकरण केंद्रही याच बाजूला आहे. तरीही धायरीतील कित्येक सोसायट्यांच्या फाटकाशी उन्हाळ्यात टँकर उभे असतात. धरणापासूनचे अंतर आणि जलवाहिनीपासूनचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे राहायला आल्यावर महिन्याभरात कळते.

शहरालगतच्या गावांत परवानगी देताना विकसकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धत आहे. महापालिका वा ग्रामपंचायत पाणी देईपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय आपण करू, असे त्यात लिहिलेले असते. इमारत पूर्ण होऊन सोसायटी स्थापन झाली की हे हमीपत्र कोणाच्या तरी कपाटात राहते आणि टँकरचे बिल सोसायटीकडे येते. नव्या प्रकल्पात नोंदणी करताना या हमीपत्राची प्रत मागून घ्यावी. तक्रार करण्याची वेळ आली तर तोच आधार ठरतो.

टँकरचा हिशेब कागदावर मांडलेला बरा. शहरी भागात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हा नियोजनाचा सर्वमान्य आकडा आहे. साठ सदनिकांची इमारत आणि घरटी चार माणसे धरली तर दिवसाला ३२,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वातीन टँकर. महिन्याला सुमारे ९७ टँकर झाले. एका टँकरला हजार रुपये धरले, तर प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला महिन्याला सुमारे १,६०० रुपये येतात. साडेआठ टक्के व्याजाच्या वीस वर्षांच्या गृहकर्जावर एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. याचा अर्थ, पूर्णपणे टँकरवर चालणारी इमारत ही नळाचे पाणी असलेल्या तशाच इमारतीपेक्षा सव्वा-दीड लाखाने स्वस्त मिळत असेल, तरी ती वस्तुतः महागच आहे. बोअरवेलचे पाणी मिळत असेल तर आकडा खाली येईल; पण बोअरला मार्चनंतर किती पाणी राहते हे विक्रेत्याला नव्हे, तर तेथील रखवालदाराला किंवा सोसायटीच्या सचिवांना विचारावे. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरच्या खर्चाची ओळ असते. ती पाहायला मिळाली तर विचारण्याचीही गरज उरत नाही.

पाण्याचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. गुलेन-बारी सिंड्रोम, अर्थात जीबीएस, या एरवी विरळ असलेल्या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात एकामागोमाग आढळू लागले. पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरातील रुग्णसंख्या दोनशेच्या घरात गेली आणि काहींचा मृत्यू झाला. आतड्याच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हात-पाय लुळे पडतात, आणि श्वसनाचे स्नायू अडकले तर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. संशयाची सुई नांदेड गावातील विहिरीकडे वळली. धरणातील पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता त्या विहिरीत येई आणि केवळ क्लोरिन मिसळून आसपास पुरवले जाई. काही घरांच्या नळांतील नमुन्यांत तर क्लोरिनही आढळला नाही. परिसरातील खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुनेही दूषित निघाले आणि महापालिकेने अनेक प्रकल्पांना टाळे लावले. जे लोक नळाच्या पाण्याचा भरवसा नाही म्हणून वीस लिटरचा जार घेत होते, त्यांना मग जारचाही भरवसा उरला नाही.

त्या हिवाळ्याने घर पाहण्याच्या प्रश्नावलीत दोन प्रश्न कायमचे वाढवले. पाणी येते का, एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या स्रोतातून येते, आणि इमारतीची तळटाकी शेवटची कधी धुतली? तळटाकीशेजारून मलवाहिनी किंवा सेप्टिक टँक गेला असल्यास तो किती अंतरावर आहे, हे वाहनतळात उभे राहून स्वतः पाहता येते. मलवाहिन्यांचे जाळे पूर्ण नसलेल्या भागात ही पाहणी नक्षीदार प्रवेशद्वारापेक्षा महत्त्वाची आहे.

रस्ता

सिंहगड रस्ता हा धायरीचा शहराशी असलेला प्रमुख धागा, आणि तो सतत ताणलेला असतो. राजाराम पूल ते फनटाइम चित्रपटगृह या टप्प्यातील उड्डाणपूल २०२४ आणि २०२५ मध्ये भागाभागाने खुले झाले, त्याने काही चौक सुटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला या मेट्रो मार्गाला मंजुरी दिली. जाहिरातींत त्याचा उल्लेख लगेच झाला. मेट्रो मुख्य रस्त्याने जाणार आहे, आणि धायरीतील बरीच घरे त्या रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत आहेत. स्टेशनपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आजच्याच रुंदीचा राहिला तर मेट्रोचा लाभ दुचाकी उभी करायला जागा मिळण्यावर अवलंबून राहील. शिवाय, मंजुरी आणि पहिली गाडी यांत पुण्यात किती वर्षे जातात हे वनाज-रामवाडी मार्गाने दाखवून दिले आहेच. मेट्रोसाठी आज जादा दर देणाऱ्याने त्या वर्षांचे व्याजही मोजावे.

हिंजवडी, बाणेर, वारजे या बाजूला जाणारे रहिवासी नऱ्ह्यामार्गे महामार्ग गाठतात. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तीव्र उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका वाहनाची धडक बसत जाऊन तेथे सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच झालेल्या भीषण अपघातात आठ जणांचे प्राण गेले. दुचाकीवरून रोज या पुलाखालून जाणाऱ्याच्या घरच्यांना ही आकडेवारी पाठ असते. सेवारस्ता कोठपर्यंत सलग आहे, हे घर ठरवण्यापूर्वी स्वतः गाडी चालवून पाहावे, आणि तेही सोमवारी सकाळी नऊ वाजता. बहुतेक ग्राहक रविवारी दुपारी घर पाहायला येतात. त्या वेळी सिंहगड आणि खडकवासला चौपाटीला जाणाऱ्यांची गर्दी मुख्य रस्त्यावर असते आणि आतले रस्ते तुलनेने मोकळे दिसतात. कामाच्या दिवशी चित्र उलटते. नऱ्हे-धायरीच्या छोट्या कारखान्यांचे टेंपो, शाळांच्या बसगाड्या आणि कार्यालयाला निघालेली वाहने एकाच गल्लीत समोरासमोर येतात.

समोरचा रस्ता किती रुंद आहे याचा संबंध केवळ वाहतुकीशी नाही. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार किती बांधकाम करता येईल हे ठरते, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. आज घेतलेल्या सदनिकेच्या इमारतीचा चाळीस वर्षांनी पुनर्विकास व्हावयाचा असेल तर त्याचे भवितव्य या मीटरांत आहे. अग्निशामक बंब दारापर्यंत येतो की नाही, हेही त्यावरच ठरते.

कागद

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे घर निर्वेध झाले, हा समज धायरीपुरता तरी सोडून द्यावा. नोंदणी ही व्यवहाराची असते. इमारतीला परवानगी आहे की नाही याची हमी नोंदणी देत नाही. बँकेने कर्ज दिले हाही अर्धाच पुरावा आहे. राष्ट्रीयीकृत बँकांनी नाकारलेल्या मालमत्तेवर एखादी पतसंस्था जादा व्याजाने कर्ज देते, आणि विक्रेता ‘लोन होते’ असे छातीठोकपणे सांगतो. कोणत्या बँकांनी या इमारतीवर कर्ज दिले, आणि कोणत्या बँकेने नाकारले, असे विचारले तर उत्तर बहुधा अधिक उद्बोधक असते.

नव्या प्रकल्पासाठी महारेराची नोंदणी हा आरंभबिंदू आहे. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेत नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, दर चटई क्षेत्रावर सांगावा लागतो, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत उघड होणारे रचनात्मक दोष विकसकाने विनाशुल्क दुरुस्त करावयाचे असतात. धायरीच्या ग्राहकाने मात्र या कायद्याची उंबरठ्याची अट नीट वाचावी. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. मळ्यात तीन-चार गुंठ्यांवर उभ्या राहणाऱ्या इमारती त्यामुळे नेमक्या या चाळणीतून खाली पडतात. ज्या घरांना संरक्षणाची गरज सर्वाधिक, तीच त्याबाहेर राहतात. अशा इमारतीत घर घेणाऱ्याला १९६३ च्या मोफा कायद्याचा आणि स्वतःच्या वकिलाचाच आधार असतो. निदान तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारा आणि सर्व फेरफार, बिगरशेती आदेश, मोजणी नकाशा, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा पत्र एवढे वकिलाच्या हाती द्यावे. भोगवटा पत्र नसलेली इमारत वसलेली दिसते, तुळशीवृंदावनेही असतात. पण नळजोड, पुनर्विक्री आणि कर्ज या तिन्ही ठिकाणी ती अडते.

चटई क्षेत्राचा नियम असूनही बोलण्यात अजून ‘विक्रीयोग्य’ क्षेत्रच चालते. ९०० चौरस फुटांचे घर सांगितले आणि त्यात चाळीस टक्के भर धरलेली असेल, तर हाती ६४३ चौरस फूटच येतात. दोन प्रकल्पांची तुलना चटई क्षेत्राच्या दरानेच करावी.

किमतीवर आणखी काय चढते तेही आधी मोजावे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के पडते. घर केवळ महिलेच्या नावे असल्यास एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, परंतु ३०,००० रुपयांहून अधिक नाही. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर एप्रिल २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, क्षेत्राच्या मर्यादेत बसणाऱ्या परवडणाऱ्या घरावर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर नाही. त्यामुळे ४४ लाखांचे आणि ४६ लाखांचे घर यांतील खरा फरक दोन लाखांहून बराच मोठा निघतो. ताबा घेतल्यावर स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत मिळते; २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, मात्र नव्या मिळकतधारकाला त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. अर्ज न भरणाऱ्यांकडून पूर्ण आकारणी होते.

घर भाड्याने देण्याच्या हेतूने घेणाऱ्यांचे प्रमाणही येथे लक्षणीय आहे. महाविद्यालयांचे विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार आणि नवी नोकरदार जोडपी अशी मागणी बारमाही असते. भाडेकरार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो करून देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे.

जुन्या इमारतींतील रहिवाशांसाठी एक काम बहुधा शिल्लक असते. सोसायटी नोंदली जाते, देखभाल सुरू होते, गणपती बसतो, पण जमीन सोसायटीच्या नावावर होत नाही. सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचे, त्याच्या पश्चात वारसांचे नाव तसेच राहते. पंधरा-वीस वर्षांनी पुनर्विकासाचा विषय निघतो तेव्हा चार भाऊ, तीन बहिणी आणि त्यांची मुले अशा सर्वांच्या सह्या लागतात, आणि तोपर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आलेला असतो. विकसक वा मूळ मालक अभिहस्तांतरण करून देत नसल्यास मोफा कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली आहे. त्यासाठी सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा असतो, आणि त्यासोबत लागतो तो मंजूर नकाशा, प्रत्येक सदनिकेची सूची क्रमांक दोनची प्रत आणि चालू सातबारा. धायरीत पुनर्विक्रीचे घर घेणाऱ्याने सोसायटीच्या कार्यालयात हा अर्ज झाला आहे का, एवढे विचारून मगच बयाणा द्यावा.